नकाशात नसलेली वाडी

“भूगोल घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न आमच्या विभागातील प्रत्येकाला वर्षातून निदान दहा वेळा ऐकावा लागतो. लग्नाच्या पंगतीत मामा विचारतात, एस.टी.च्या थांब्यावर शेजारचे काका विचारतात आणि सुटीत घरी आलेला, अभियांत्रिकीला गेलेला आतेभाऊ तर हसतहसतच विचारतो. त्यात कुतूहलापेक्षा सहानुभूती अधिक असते. आमचे उत्तरही ठरलेले असते. बी.एड. करू, नाहीतर एम.पी.एस.सी.ला बसू. विचारणारा मान हलवतो, आपण पुढचा घास घेतो आणि विषय तिथेच संपतो.

या प्रश्नाला तिसरेही एक उत्तर आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते उत्तर म्हणजे, “नकाशे करणार.” हे वाचून कोणी हसेल. नकाशे आता करायचे काय राहिले आहेत? खिशातल्या फोनमध्ये साऱ्या जगाचा नकाशा आहे. मुंबईच्या गल्लीतले वडापावचे दुकानही त्यात सापडते. मग भूगोलाच्या पोराने रंगीत पेन्सिली घेऊन नवे काय काढायचे? या शंकेला उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. आणि ते उत्तर देताना दोन गावांची आठवण काढल्यावाचून गत्यंतर नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात एस.टी.चा एक चालक नेहमीप्रमाणे माळीण गावाकडे गाडी घेऊन गेला आणि त्याला गाव दिसेना. रस्ता होता, वळण होते, पण पुढे चिखलाचा डोंगर होता. त्यानेच ही वार्ता बाहेर नेली. चाळीसहून अधिक घरे आणि दीडशेहून अधिक माणसे त्या चिखलाखाली गेली होती. डोंगर पहाटेपासून गाव गिळत होता आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागला तो एका एस.टी.च्या फेरीमुळे. त्या दिवशी गाडी उशिरा सुटली असती तर?

दुसरे गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरांची वाडी. वस्ती सव्वादोनशेच्या आसपास. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मातीचे ढीग उपसणारी यंत्रे वर नेताच आली नाहीत. जवान आणि स्वयंसेवक पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा प्राण गेला. चार दिवसांनी शोध थांबवला गेला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ती आज त्याच मातीत आहेत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी शासनाकडूनच सांगण्यात आले.

“यादीत नव्हती” हे दोन शब्द मी वाचले तेव्हा मनात आले की यादी म्हणजे तरी काय? कोणीतरी केव्हातरी एका नकाशावर खुणा केल्या आणि त्या खुणांची नावे कागदावर उतरवली, ती यादी. ज्या वस्तीवर खूण करायची ती वस्ती नकाशात ठळक असेल तर खूण होणार. आपल्या स्थलनिर्देशक नकाशाचे नेहमीचे प्रमाण १:५०,००० हे आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. दीडशे मीटर लांबीची वाडी त्यावर तीन मिलिमीटरांची होते. महसुली गाव हे आपल्या कारभाराचे मोजमाप. जनगणनेचे आकडे त्या गावाचे, योजना त्या गावाची, यादीही त्या गावाची. पण सह्याद्रीत माणसे गावात कमी आणि वाड्यांत जास्त राहतात. एका महसुली गावाच्या सहा-सात वाड्या, त्यातल्या दोन ओढ्यापलीकडे आणि एक कड्याखाली. मृत्यू मात्र महसुली गाव पाहून येत नाही. तो वाडी पाहून येतो.

त्या रात्री खालच्या रस्त्यावर जमलेल्या अधिकाऱ्यांना काय काय जाणून घ्यावे लागले असेल, याचा विचार करा. वर घरे किती? त्यांतली वापरात किती? वाट कुठून जाते आणि ओढा चढला तर दुसरी वाट आहे काय? हेलिकॉप्टर उतरेल अशी सपाट जागा कुठे? वाडीच्या वरच्या अंगाला पाणी कुठे मुरते? फोनला आवाज कुठल्या टेकाडावर येतो? यातला एकही प्रश्न वैद्यकाचा नाही, स्थापत्यशास्त्राचा नाही. हे सगळे भूगोलाच्या प्रात्यक्षिक वहीतले प्रश्न आहेत. फरक इतकाच की आम्ही ते वीस गुणांसाठी सोडवतो.

नकाशाने माणसे वाचतात, याचा दाखला म्हणून लंडनच्या कॉलऱ्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८५४ साली सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली आणि ती सारी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. पंपाचा दांडा काढण्यात आला आणि साथ थांबली, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ही गोष्ट खरी असली तरी पुरी नाही. दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ ओसरू लागली होती, आणि तो प्रसिद्ध नकाशा छापून आला तो त्याहूनही नंतर. दुसरे असे की, या प्रकरणात हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण पाद्री होता. स्नोचे म्हणणे खोडून काढावे म्हणून तो घरोघर फिरला. त्या वस्तीतली माणसे त्याला नावानिशी ठाऊक होती. कोण कुठले पाणी पीत होते, कोण गावाला गेले होते, कोणाचे तान्हे मूल सर्वांत आधी आजारी पडले, हे त्याने विचारून घेतले आणि अखेरीस स्नोचेच म्हणणे खरे असल्याची कबुली दिली. पंपाशेजारच्या घरातल्या त्या तान्ह्या मुलाचा माग त्यानेच काढला. डॉक्टराच्या ठिपक्यांना पाद्र्याच्या ओळखीपाळखीची जोड मिळाली तेव्हा कुठे तो नकाशा पुरा झाला. यातून मी दोन गोष्टी घेतो. नकाशा आपत्तीनंतर झाला तर तो पुरावा होतो, आधी झाला तर उपाय होतो. आणि ठिपके मांडणारा जितका आवश्यक, तितकाच दारोदार जाऊन विचारणाराही आवश्यक.

आपल्या काळातली उदाहरणेही हेच सांगतात. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसे मेली. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामाचा असा नकाशा मदतीला धावलेल्या पथकांकडे नव्हता. तेव्हा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर काम करणाऱ्या शेकडो स्वयंसेवकांनी जगभरातून आपापल्या घरी बसून, उपग्रहचित्रांवरून रस्ते, घरे, छावण्या रेखाटल्या. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. कोणीही त्यात भर घालावी आणि कोणीही तो फुकट वापरावा अशी त्याची रीत. काही दिवसांत कोरा कागद भरला. हे काम थोरच. पण ते भूकंपानंतरचे काम होते.

नेपाळमध्ये गोष्ट थोडी वेगळी घडली. तिथे काही तरुणांनी २०१२ पासूनच काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, रुग्णालये, रस्ते यांची नोंद घेण्यास प्रारंभ केला होता. काठमांडू विद्यापीठाचे विद्यार्थी त्यात होते. पुढे त्यातूनच ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे गेली. पण या वेळी नकाशा कोरा नव्हता आणि तो वाचणारी, दुरुस्त करणारी माणसे त्याच शहरात होती. जगभरातले हजारो स्वयंसेवक मदतीला आले तेव्हा त्यांना काय काढायचे, कुठले आधी काढायचे, हे सांगणारे कोणीतरी जागेवर होते. विद्यार्थ्यांनी तीन वर्षे उन्हातान्हात फिरून केलेले काम त्या आठवड्यात कामी आले.

त्याच २०१५ साली अमेरिकेतील तीन विद्यापीठांनी मिळून ‘यूथमॅपर्स’ ही विद्यार्थ्यांची चळवळ सुरू केली. तिच्या शाखा पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी महाविद्यालयांत निघाल्या. त्याआधी २०१४ मध्ये रेडक्रॉस आणि सीमापार वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने ‘मिसिंग मॅप्स’ नावाचा उपक्रम हाती घेतला. जी गरीब वस्ती नकाशात नाही ती संकट येण्यापूर्वी नकाशात आणायची, एवढाच त्याचा हेतू. बाहेर विद्यार्थी हे करतात, मग आपण का नाही?

आजवर आपल्याला एक सबब होती. नकाशा म्हणजे सरकारी गुपित, ही आपल्याकडची जुनी रीत. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. १८०२ मध्ये मद्रासला सुरू झालेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण जगात नावाजले गेले. जगातले सर्वांत उंच शिखर कोणते, हे १८५२ च्या सुमारास गणिताने ठरवणारे राधानाथ सिकदार कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांच्या हुद्द्याचे नावच ‘संगणक’ असे होते! पण एवढा थोर वारसा सामान्य माणसापासून कपाटातच राहिला. आता ती सबब उरलेली नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्था यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. मोजक्या संवेदनशील बाबींचे निर्बंध राहिले, ते असावेतच. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आले. ‘क्यूजीआयएस’ ही नकाशे करण्याची संगणक प्रणाली फुकट मिळते. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरशिक्षणाचे वर्ग विनामूल्य चालवते. एवढे असून आपल्या प्रयोगशाळेतला समतल फलक धूळ खात असेल आणि संगणकाच्या खोलीला कुलूप असेल, तर दोष दिल्लीला देता येणार नाही.

“पण हे काम इंजिनियरांचे,” असा पहिला आक्षेप येईल. त्याला मी अनुभवाने उत्तर देतो.

गेल्या वर्षी क्षेत्रभेटीसाठी आमची तुकडी डोंगरउताराच्या एका वाडीत गेली होती. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही. जाण्यापूर्वी आम्ही उपग्रहचित्रावर छपरे मोजली. तेवीस भरली. तेवीस घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर वस्ती, असा हिशोब वहीत मांडून आम्ही वर चढलो. वर जाऊन पाहतो तो त्यांतली सहा छपरे गुरांच्या गोठ्यांची. उरलेल्या सतरा घरांपैकी आठांना कुलपे. माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परत येणार. म्हणजे आमची भेट होती माघातली, आणि धोका होता आषाढातला. ज्या दिवसांत आम्ही माणसे मोजत होतो त्या दिवसांत वाडी अर्धी रिकामी होती. ज्या दिवसांत डोंगर खाली येण्याचे भय, नेमकी त्याच दिवसांत ती भरलेली असणार होती. २०११ ची जनगणनाही फेब्रुवारीतच झाली होती, हे सरांनी तेव्हा लक्षात आणून दिले. ही गोष्ट कुठल्या उपग्रहाला दिसली असती?

परतताना एका आजींनी आम्हांला घरामागे नेले. वरच्या उतारावर हात दाखवून म्हणाल्या, “पोरांनो, ती चीर बघा. पल्याडच्या पावसात पडलीया. तवापास्नं गुरं तिकडं चरायला जात न्हाईत.” आम्ही वर जाऊन पाहिले. गवतात लपलेली, हात आत जाईल एवढी रुंद भेग होती. चित्रात तिथे फक्त हिरवा रंग होता. आमच्याबरोबर संगणक उत्तम चालवणारा एक मित्र होता. त्याने ते स्थान फोनवर अचूक टिपले. पण ते टिपायला सांगितले आजींनी, आणि आजींशी बोलायला सुरुवात केली ती मराठी विषय घेतलेल्या एका मैत्रिणीने, वाडीतल्या जागांची नावे विचारता विचारता. ‘घळीचा माळ’ हे नाव का पडले, असे तिने सहज विचारले होते. मित्रहो, यात इंजिनियराचे काम किती आणि कला शाखेचे किती, हे तुम्हीच ठरवा. छप्पर आकाशातून दिसते. छपराखाली कोण निजते, ते दारात बसून विचारावे लागते.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शिक्षणाचा खर्च जपून होतो. म्हणून गोड चित्र रंगवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नकाशाच्या क्षेत्रात नोकऱ्या आहेत. सुदूर संवेदन केंद्रांत आहेत, महापालिकांत आहेत, जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांत आहेत, पीकविमा, रस्ते, पाणीपुरवठा, वीज यांच्या कामांत आहेत, स्वयंसेवी संस्थांत आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करणे भाग पाडले आहे, आणि नकाशावाचून आराखडा म्हणजे नुसती टेलिफोनची यादी. पण यातली बरीचशी कामे कंत्राटी आहेत. नवशिक्याला सुरुवातीला दिवसभर पडद्यावर रेघा ओढाव्या लागतात, आणि रेघांच्या मोलाने पैसे मिळतात. हेही सांगितले पाहिजे. रेघा ओढणारा तिथेच राहतो. ज्याला ती रेघ ओढा आहे की पायवाट हे कळते, आणि जो ते तहसीलदारांना आणि गावकऱ्यांना दोघांनाही समजेल अशा भाषेत लिहू शकतो, तोच पुढे जातो. ते कळण्याचे शिक्षण आपल्या विभागात मिळते. संगणकाचे शिक्षण त्याला जोडून घ्यावे लागेल, इतकेच.

आणि बी.एड.चे काय? आरंभी मी त्या उत्तराची थोडी थट्टा केली, ती आता मागे घेतो. आपत्तीच्या ठिकाणी सर्वांत आधी कोण असते? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तासांनी पोहोचते, कधी दुसऱ्या दिवशी. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली तेव्हा महाड शहर पुराने वेढलेले होते आणि मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर जे काही केले ते गावकऱ्यांनीच. वाडीत कायम जाणारा सरकारी माणूस बहुधा एकच, जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक. त्याने चौथीच्या मुलांकडून वाडीचा नकाशा काढून घेतला, पळायची वाट कुठली आणि जमायचे कुठे हे त्यांच्याकडून दर पावसाळ्यापूर्वी घोटून घेतले, तर तो भूगोल शिकवतो की आपत्ती व्यवस्थापन करतो? दोन्ही एकच. तेव्हा नकाशे करणे, संकटात धावून जाणे आणि शिकवणे हे तीन वेगळे पेशे आहेत, असे मला वाटत नाही. एकाच पेशाचे ते तीन ऋतू आहेत.

तिसरा आक्षेप माझाच आहे आणि तो मला अधिक बोचतो. नकाशा निष्पाप नसतो. वाडीवर ‘धोकादायक’ अशी लाल खूण केली की तिचे पुढे काय होते? चांगल्या हातात ती सावधगिरीची सूचना होते; वाईट हातात ती वाडी उठवण्याचा हुकूम होऊ शकते. डोंगरातल्या माणसाचे रान, त्याचे पाणी, त्याची दैवते तिथेच असतात. त्याला खाली आणून पत्र्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. शिवाय म्हातारे-आजारी कोण, एकटी बाई कुठे राहते, ही माहिती चव्हाट्यावर मांडायची नसते. म्हणून नियम साधा हवा. ज्यांचा नकाशा, त्यांची संमती आधी. पहिली प्रत त्यांची. आणि कोणती नोंद भिंतीवर लावायची व कोणती बंद पाकिटात द्यायची, हे त्यांनीच ठरवायचे.

तसेच तज्ज्ञांच्या नकाशावरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगडी भिंतींखाली गेली. तो भाग तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो पट्टाच रद्द करण्यात आला. नकाशा म्हणजे वेदवाक्य नव्हे. तो वारंवार तपासायचा असतो.

आणि नुसत्या नकाशाने काही होत नाही, हेही खरे. त्याला माणसांची साखळी लागते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ च्या मे महिन्यात ‘फणी’ वादळ आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि त्या राज्यातील मृतांचा आकडा ६४ वर राहिला. वादळ दोन्ही वेळा भयंकरच होते. मधल्या वीस वर्षांत हवामानाचा अंदाज सुधारला, निवारे बांधले गेले आणि कोणत्या गावाला कुठल्या निवाऱ्यात न्यायचे, हे गावोगावच्या माणसांना पाठ झाले. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी, म्हणजे माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, डोंगर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. समुद्राकडून येणारे वादळ चार दिवस आधी कळते. डोंगर तितका वेळ देत नाही. म्हणूनच डोंगरातले काम आधीच करून ठेवले पाहिजे.

मग करायचे काय? माझी सूचना मोठी नाही. आपल्या भूगोल विभागाच्या तृतीय वर्षाच्या वर्गाने दर वर्षी तालुक्यातील एक वाडी घ्यावी. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेतच. ते कुठल्याशा जुन्या अहवालाची नक्कल करून मिळवण्याऐवजी असे मिळवावेत. माघात एक भेट आणि आषाढाच्या आधी दुसरी, म्हणजे कुलपे कोणती आणि नांदती घरे कोणती ते कळेल. घरे, वाटा, पाण्याच्या जागा, उताराच्या भेगा, जुन्या दरडीच्या खुणा, सपाट जागा, फोन लागणारे टेकाड, एवढे एका कागदावर मोठ्या प्रमाणात काढावे. मराठी विभागाने स्थलनामे गोळा करावीत. ‘दरड’, ‘घळ’, ‘कोसळ’ असे शब्द नावांत असतील तर ते वाडवडिलांनी लिहून ठेवलेले इशारे असू शकतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी स्थलांतराचे महिने नोंदवावेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दर वर्षी होतेच. भिंतीवर घोषणा रंगवण्यातला निम्मा वेळ इकडे द्यावा. कागदाच्या चार प्रती कराव्यात: वाडीला, शाळेला, ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना. पाचवी विभागात राहील. दहा वर्षांत दहा वाड्या होतील. सह्याद्रीतल्या प्रत्येक महाविद्यालयाने हे केले तर किती होतील, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती. या कामाला गुण द्या, पण गुण देऊन ते संपवू नका. असे म्हणण्याचे कारण सांगतो. त्या वाडीवरच्या आमच्या अहवालाला वीसपैकी अठरा गुण मिळाले. सरांनी भेगेविषयी संबंधित कार्यालयाला लेखी कळवलेही. पण तो नकाशा आज विभागाच्या कपाटात आहे. ज्यांच्या घरांची ती चित्रे, त्या वाडीला त्याची प्रत अद्याप मिळालेली नाही. ती नेऊन देण्याचे आम्हां कोणाच्या लक्षात आले नाही. परीक्षा झाली, सुटी लागली, पाऊस आला आणि गेला. डोंगराने त्या वर्षी दया केली. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही. शासनाच्या यादीवर बोट ठेवताना मला आमचे ते कपाट आठवते.

माळीणच्या त्या एस.टी. चालकाकडे नकाशा नव्हता. पण या वळणानंतर गाव लागते, हे त्याला रोजच्या फेरीने ठाऊक होते, म्हणून गाव नाहीसे झाल्याचे त्याला कळले. परका माणूस असता तर पुढचा रस्ता खचला म्हणून गाडी वळवून परत गेला असता. तिथे काही होते हे ज्याला माहीत असते, त्यालाच ते हरवल्याचे कळते. आपल्या तालुक्यात कुठे कोण राहते हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

येत्या मृगाच्या आधी आम्ही पाच जण ती प्रत घेऊन वाडीत जाणार आहोत. आजींनी दाखवलेली चीर या वर्षी केवढी झाली, तेही मोजायचे आहे. बरोबर येणाऱ्याने भूगोलच घेतलेला असावा, अशी अट नाही.